अग्निबाणविद्येचे एकनिष्ठ उपासक : डॉ. रॉबर्ट गॉडर्ड

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष साहजिकच त्यांच्या विजयाच्या प्रसंगांकडे जातें. कोणी नवा भूप्रदेश शोधून काढला, कोणी असाध्य रोगावर औषध शोधिलें, आणि जगानें त्यांचा जयजयकार केला, अशा गोष्टी मनाला चटकन् भुरळ घालतात. परंतु कांहीं चरित्रें अशीं असतात कीं, त्यांत जयजयकाराचा प्रसंग शोधूनही सांपडत नाहीं. बी पेरणारा एक आणि पीक पाहणारे दुसरे, असा तेथें प्रकार असतो. आज खासगी कंपन्यांचे अग्निबाण आकाशांत जातात, आपलें काम करून पुन्हां जमिनीवर उभे राहतात व थोड्याच दिवसांत फिरून उडतात, हें वर्तमान आमचे विद्यार्थी मोठ्या कौतुकानें वाचतात. ह्या विद्येची पहिली पेरणी सुमारें शंभर वर्षांपूर्वीं एका शेतांत ज्यांनीं केली, त्या डॉ. रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गॉडर्ड यांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, वुस्टर या गांवीं, ५ ऑक्टोबर १८८२ रोजीं झाला. वडिलांना यंत्रांची व नव्या युक्त्यांची आवड असे. त्यांनीं मुलाला दुर्बीण दिली, सूक्ष्मदर्शक यंत्र दिलें आणि एक शास्त्रीय नियतकालिकही सुरू करून दिलें. मुलाची प्रकृति मात्र नाजूक होती. वारंवार आजारी पडल्यामुळें ते शाळेंत सोबत्यांच्या दोन वर्षें मागें पडले. पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं गांवच्या वाचनालयांतील पदार्थविज्ञानाचीं पुस्तकें वाचून काढलीं. त्यांच्या मातोश्रींना क्षयाची बाधा झाली, तेव्हां बोस्टन शहर सोडून हें कुटुंब १८९८ मध्यें पुन्हां वुस्टर येथें राहावयास आलें. त्याच सुमारास एच. जी. वेल्स यांची मंगळावरील लोकांच्या स्वारीची कादंबरी त्यांच्या वाचनांत आली, आणि ग्रहताऱ्यांचा विचार त्यांच्या मनांतून जाईना.

१९ ऑक्टोबर १८९९ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, वाळलेल्या फांद्या तोडण्यासाठीं ते घरामागील एका चेरीच्या झाडावर चढले होते. तेथें बसल्या बसल्या, मंगळापर्यंत जाऊं शकेल असें एखादें यंत्र करतां आलें तर केवढी मौज होईल, असा विचार त्यांच्या मनांत आला. असे विचार पुष्कळ मुलांच्या मनांत येतात व संध्याकाळपर्यंत मावळतात. गॉडर्ड यांचा विचार मावळला नाहीं. तो दिवस ते जन्मभर वार्षिक सणासारखा पाळीत आणि आपल्या रोजनिशींत त्याची नोंद करीत. पुढें १९३८ च्या वादळांत तें झाड पडलें, त्याचीही नोंद त्यांनीं करून ठेविली.

शाळेंतील शिक्षण १९०४ मध्यें संपवून त्यांनीं वुस्टर येथील तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांतून १९०८ मध्यें पदवी घेतली व क्लार्क विद्यापीठांतून १९११ मध्यें डॉक्टर ही पदवी संपादन केली. पुढें ते प्रिन्स्टन येथें संशोधन करीत असतां १९१३ मध्यें त्यांना आईचाच रोग जडला. ते दोन आठवडे जगतील असेंही डॉक्टरांना वाटेना. अशा स्थितींत, अंगांत थोडी शक्ति येतांच, त्यांनीं आपल्या कल्पना कागदावर उतरविण्यास आरंभ केला. १९१४ च्या जुलै महिन्यांत त्यांना दोन पेटंटें मिळालीं. एक, एकावर एक टप्पे रचून केलेल्या अग्निबाणाचें. दुसरें, द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणाचें. ज्यांच्या आयुष्याची आशा सुटली होती, त्यांनीं पुढील पन्नास वर्षांच्या उद्योगाचा आराखडा आखून ठेविला.

येथें अग्निबाणाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दिवाळींत आपण जो बाण सोडतों, त्याची दारू पेटली म्हणजे वायु खालीं जोरानें फेंकला जातो आणि उलट दिशेनें बाण वर धांवतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचें हें अगदीं साधें उदाहरण होय. परंतु दारूचा बाण एकदां पेटला म्हणजे हातचा गेला. त्याचा वेग कमीजास्त करतां येत नाहीं, मध्येंच तो विझवितां येत नाहीं, आणि खालीं येतो तो जळकें नळकांडें होऊन येतो. शिवाय, गॉडर्ड यांनीं मोजून पाहिलें तों दारूंतील शक्तीपैकीं शेंकडा सुमारें २ भागच बाणाला पुढें ढकलण्याच्या कामीं येतो, बाकीची सर्व शक्ति फुकट जाते, असें त्यांना आढळून आलें. वाफेच्या चक्रासाठीं स्वीडनमधील द लाव्हाल या यंत्रशास्त्रज्ञानें विशिष्ट आकाराची तोटी शोधून काढिली होती. तिचें तोंड प्रथम निमुळतें व पुढें रुंद होत जाणारें असतें. तशी तोटी पोलादी कोठीला बसवून गॉडर्ड यांनीं हें प्रमाण शेंकडा ६० च्याही वर नेलें. तसेंच, हवा काढून घेतलेल्या नळींत बाण पेटवून त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, बाणाला पुढें जाण्यास हवेचा टेकू मुळींच लागत नाहीं; उलट निर्वात प्रदेशांत त्याचा जोर वाढतो.

हे सर्व प्रयोग ते आपल्या अध्यापकाच्या पगारांतून करीत. ती मिळकत पुरेना, तेव्हां त्यांनीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे अर्ज केला, व १९१७ च्या आरंभीं तिनें त्यांना ५००० डॉलरांचें साहाय्य दिलें. १९१९ सालच्या तारखेचा त्यांचा शास्त्रीय निबंध या संस्थेनें प्रसिद्ध केला. निबंध गणितानें भरलेला, रुक्ष होता. पण त्याच्या शेवटीं, पुरेसा मोठा अग्निबाण चंद्रापर्यंत नेऊन तेथें प्रकाश देणारी पूड पेटवितां येईल आणि तो प्रकाश पृथ्वीवरून दुर्बिणींतून दिसेल, असें एक अनुमान होतें. वृत्तपत्रांनीं नेमकें तेवढेंच उचललें. न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें १३ जानेवारी १९२० रोजीं अग्रलेखांत त्यांची थट्टा केली. निर्वात प्रदेशांत बाणाला ढकलण्यास कांहीं नसतें ही शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असणारी गोष्ट या अध्यापकाला ठाऊक नाहीं, असा त्या टीकेचा भावार्थ होता. वास्तविक चूक टीकाकाराची होती व तिचें उत्तर प्रयोगानें आधींच दिलेलें होतें. पण हंशापुढें प्रयोगाचें कोण ऐकतो? गॉडर्ड मुळचेच मितभाषी. ह्या प्रसंगानें ते अधिकच अबोल झाले.

१९२४ मध्यें त्यांचा विवाह एस्तेर किस्क यांच्याशीं झाला. ह्या बाई पुढें त्यांच्या प्रत्येक प्रयोगाचीं छायाचित्रें घेत, हिशेब ठेवीत, आणि गवताला आग लागली तर ती विझविण्यासही धांवत. १६ मार्च १९२६ रोजीं ऑबर्न गांवाजवळ, दूरच्या नात्यांतील एफी वॉर्ड नांवाच्या बाईंच्या शेतांत, चारच माणसें जमलीं होतीं. गॉडर्ड, त्यांच्या पत्नी, हेन्री सॅक्स नांवाचे कारागीर आणि पर्सी रूप हे एक अध्यापक. जमिनीवर बर्फ होतें. सुमारें १० फूट लांबीचा, बारीक नळ्यांच्या सांगाड्यासारखा दिसणारा अग्निबाण उभा केलेला होता. त्याच्या टाक्यांत पेट्रोल व द्रवरूप प्राणवायु भरलेला होता. सॅक्स यांनीं बत्ती दिली. क्षणभर तो जागचा हालला नाहीं, मग उचलला गेला. अडीच सेकंदांत तो ४१ फूट उंच चढला आणि १८४ फुटांवर जाऊन कोबीच्या वाफ्यांत पडला. द्रवरूप इंधनावर उडालेला जगांतील हा पहिला अग्निबाण. आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका टोंकावरून दुसऱ्या टोंकापर्यंतही तो पोंचला नसता! चलच्चित्राच्या यंत्राची चावी संपल्यामुळें त्याचें चित्रही घेतां आलें नाहीं. गॉडर्ड यांनीं गाजावाजा केला नाहीं. त्या मोडक्या बाणाचे कामास येण्यासारखे भाग त्यांनीं गोळा केले आणि त्यांतील कांहीं त्याच वर्षींच्या मे महिन्यांत तयार केलेल्या दुसऱ्या बाणांत पुन्हां बसविले. ही लहानशी गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचाच विस्तार झालेला आहे.

१७ जुलै १९२९ रोजीं त्यांनीं जो बाण सोडला, त्यांत वायुभारमापक, उष्णतामापक व एक छायाचित्रयंत्र ठेविलें होतें. शास्त्रीय उपकरणें घेऊन उडालेला हा पहिलाच द्रवइंधनाचा बाण. वर गेलेलीं उपकरणें फुटून गेलीं तर वर जाण्याचा उपयोग काय, हा विचार करून त्यांनीं त्यांत हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, बसविली होती. परंतु आवाज एवढा झाला कीं, विमान कोसळलें असें समजून शेजारीपाजारी व पोलीस धांवून आले, आणि त्या संस्थानांत पुन्हां असे प्रयोग करण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. ह्या आपत्तींतूनच त्यांचें भाग्य उघडलें. एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांनीं ही बातमी वाचली, ते स्वतः भेटावयास आले, आणि त्यांच्या शब्दावरून डॅनियल गुगेनहाइम या खाणींच्या व्यापारांत श्रीमंत झालेल्या गृहस्थांनीं १९३० मध्यें चार वर्षांसाठीं १,००,००० डॉलर देऊं केले. सरकारी खजिन्याशिवाय, एका दात्याच्या द्रव्यावर अग्निबाण उडविण्याचा उद्योग असा सुरू झाला.

गॉडर्ड कुटुंब त्याच वर्षीं न्यू मेक्सिको संस्थानांतील रॉझवेल या गांवीं गेलें. तेथें विस्तीर्ण माळरान होतें, वस्ती विरळ होती आणि हवा कोरडी असल्यामुळें प्रकृतीलाही मानवण्यासारखी होती. एक कारखाना, थोडेसे कारागीर आणि माळावर उभारलेला एक लोखंडी मनोरा, एवढा त्यांचा संसार. ३० डिसेंबर १९३० रोजीं त्यांचा बाण २००० फूट चढला. पुढें मंदीमुळें मदत थांबली तेव्हां ते १९३२ मध्यें पुन्हां क्लार्क येथें शिकवावयास गेले, आणि १९३४ मध्यें मदत सुरू होतांच परत आले. २८ मार्च १९३५ रोजीं भोंवऱ्यासारख्या फिरणाऱ्या चक्राच्या, म्हणजे जायरोस्कोपच्या, साहाय्यानें सरळ राहणारा त्यांचा बाण ४८०० फूट चढला व तासीं ५५० मैलांचा वेग त्यानें गांठला. १९३७ च्या मार्चमध्यें एक बाण ८००० फुटांच्याही वर गेला.

हे आंकडे वाचून कोणास असें वाटेल कीं, यशामागून यश मिळत गेलें. खरा प्रकार निराळा होता. शून्याखालीं १८० अंशांहून अधिक थंड असा प्राणवायु आणि लोखंड वितळविणारी ज्वाला, हीं दोन्हीं हातभर अंतरावर ठेवून त्यांच्यांतील तोल सांभाळावयाचा होता. कधीं कोठीला भोंक पडून ती जळून जाई, कधीं पंप अडे, कधीं बाण मनोऱ्यांतून बाहेर पडतांच आडवा होई. कधीं छत्री वेळेपूर्वींच उघडून फाटे, तर कधीं ती मुळींच उघडत नसे. १९२६ पासून १९४१ पर्यंत अवघे ३४ बाण त्यांनीं उडविले. प्रत्येक वेळीं पडलेला तुकडा न् तुकडा गोळा करून, कोणता भाग कशामुळें निकामी झाला हें रोजनिशींत लिहून, मगच ते पुढील बाण करीत. छत्रीवर त्यांचा जो एवढा कटाक्ष होता, त्याचें मर्म हेंच. धडपणें परत आलेला बाण काय घडलें तें सांगतो, आणि त्याचे भाग पुन्हां कामास येतात. चुराडा झालेला बाण यांपैकीं कांहींच करीत नाहीं. थोडक्या द्रव्यांत काम करणाऱ्याला हा हिशेब चांगला समजतो.

आतां त्यांच्या चरित्रांतील एका उणिवेचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. थट्टेनें दुखावलेले गॉडर्ड आपलें ज्ञान झांकून ठेवूं लागले. पहिल्या उड्डाणाची हकीकत त्यांनीं दहा वर्षांनीं, १९३६ मध्यें, प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील फ्रँक मलीना हे तरुण संशोधक त्यांना भेटावयास रॉझवेल येथें आले. गॉडर्ड यांनीं त्यांचें आदरातिथ्य केलें, पण आपलें यंत्र दाखविलें नाहीं. इकडे जर्मनींत सरकारच्या पैशावर हजारों माणसें एकत्र काम करीत होतीं. ३ ऑक्टोबर १९४२ रोजीं त्यांचा बाण ८० किलोमीटरांहून उंच गेला, आणि ज्या विद्येनें माणसाला चंद्राकडे न्यावयाचें, तिनें दोन वर्षांनीं लंडन व अँटवर्प येथील घरें पाडलीं. एकट्यानें केलेल्या कामाला एकट्याचीच मर्यादा पडते. गॉडर्ड यांच्याजवळ बुद्धि होती, चिकाटी होती, द्रव्यही कांहीं काळ होतें. चुका दाखविणारे व भार वाटून घेणारे बरोबरीचे सहकारी मात्र नव्हते. जगाच्या हंशानें त्यांचें जें नुकसान केलें, त्यांत आमच्या मतें हेंच सर्वांत मोठें होय. हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. हंसणाऱ्यांचाही त्यांत वांटा आहे.

१९४० मध्यें त्यांनीं आपली विद्या सैन्याला देऊं केली, पण लांब पल्ल्याच्या बाणांची गरज कोणास वाटली नाहीं. १९४२ पासून ते अ‍ॅनापोलिस येथें आरमाराच्या कामीं लागले. तेथें त्यांनीं जोर कमीजास्त करतां येणारें इंजिन तयार केलें. घोड्याला लगाम असावा तसा अग्निबाणाला लगाम मिळाला. १९४५ मध्यें त्यांच्या घशाला कर्करोग झाला व १० ऑगस्ट रोजीं बाल्टिमोर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचा एकही बाण दोन मैलांइतका उंच गेलेला नव्हता.

त्यांच्या पश्चात् एस्तेरबाईंनीं त्यांचे कागद नीट लावले. त्यांच्या नांवावरील एकंदर २१४ पेटंटांपैकीं १३१ त्यांच्या मृत्यूनंतर मिळालीं. १९५९ मध्यें मेरीलंड येथील अंतराळसंशोधन केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें, व १९६० मध्यें अमेरिकन सरकारनें त्यांचीं पेटंटें वापरल्याबद्दल १०,००,००० डॉलर दिले. १९६९ च्या जुलैमध्यें माणसें चंद्राकडे निघालीं, त्यांतील बझ ऑल्ड्रिन यांचे वडील क्लार्क विद्यापीठांत गॉडर्ड यांचे विद्यार्थी होते. यान निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे १७ जुलै रोजीं, न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें आपली ४९ वर्षांपूर्वींची चूक छापून कबूल केली.

असो. वर जाण्याची विद्या अशी सिद्ध झाली, पण धडपणें परत येण्याची कित्येक वर्षें अपुरीच राहिली. कारणें उघड आहेत. निघतांना अग्निबाणाच्या वजनाचा फार मोठा भाग इंधनाचाच असतो. उतरण्यासाठीं जेवढें इंधन राखावें, तेवढें वर न्यावयाचें ओझें कमी करावें लागतें. परततांना तो ध्वनीच्या कित्येक पट वेगानें हवेंत शिरतो व तापतो. अमेरिकेचीं स्पेस शटल यानें १९८१ पासून २०११ पर्यंत पुन्हां पुन्हां उडालीं, त्यांचे दारूचे बाण छत्रीनें समुद्रांत उतरवून परत वापरण्यांत आले. पण दर खेपेची दुरुस्ती फार खर्चाची झाली, आणि १९८६ व २००३ च्या अपघातांत चौदा प्रवासी प्राणांस मुकले. २००२ मध्यें निघालेल्या स्पेसएक्स या खासगी कंपनीचीं पहिलीं तीन उड्डाणें फसलीं; २८ सप्टेंबर २००८ रोजीं चौथें साधलें. बाण परत आणण्यासाठीं तिनेंही प्रथम छत्रीच योजिली होती, परंतु हवेंत शिरतांनाच बाणाचे तुकडे झाले. मग उतरतांना इंजिनें पुन्हां पेटवून, त्यांचा जोर आवरीत आवरीत, २१ डिसेंबर २०१५ रोजीं तिनें आपला बाण उभ्यानें जमिनीवर आणिला, आणि ३० मार्च २०१७ रोजीं एकदां उडालेला बाण दुसऱ्यांदा अंतराळाकडे धाडला. लगाम घातलेलें इंजिन व परतीचा अट्टाहास, ह्या दोन्हीं गोष्टी गॉडर्ड यांच्या कारखान्यांत लहान प्रमाणांत होत्याच. आपल्या देशांतही १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं श्रीहरिकोटा येथून पहिला खासगी अग्निबाण उडाला आहे.

विद्यार्थिमित्रहो, गॉडर्ड यांच्या उड्डाणांची उंची पाहून त्यांची किंमत कोणी करूं लागला, तर ती फार थोडी भरेल. परंतु त्यांनीं प्रत्येक अपयश मोजलें, लिहून ठेविलें व त्यांतून पुढचें पाऊल टाकिलें; त्या नोंदींची किंमत करावयास आजही मोठी तराजू लागेल. प्रयोगशाळेंत ज्यांचें उत्तर चुकतें आणि वर्गांत ज्यांना सोबती हंसतात, त्यांनीं हें चरित्र अवश्य वाचावें, आणि जे हंसतात त्यांनीं तर तें दोनदां वाचावें. चुकलेलें उत्तर खोडून टाकूं नका. तें कां चुकलें तें शेजारीं लिहा, आणि तें सोबत्याला दाखविण्यास संकोच करूं नका. पहिली गोष्ट गॉडर्ड यांनीं आयुष्यभर केली; दुसरी त्यांना साधली नाहीं. त्यांचें अर्धवट राहिलेलें काम पुढें नेणारांनीं ह्या दोन्हीं गोष्टी साधाव्या, एवढीच आमची इच्छा आहे.